कोपऱ्यावर टेप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"पाहुणं, तुम्ही बीएस्सी गणित. दोन बांध मोजा, वर्गमूळ काढा, पाईपचा आकडा सांगा. कोपऱ्यावर बसून टेपशी काय खेळताय?" कृष्णाकाठच्या रानारानात हे ऐकून कान किटले. रानातून तिरक्या जाणाऱ्या पाण्याच्या पाईपलाईनचं माप मी काढतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

उभ्या उसातून तिरका टेप ओढता येत नाही, म्हणून दोन बांधांच्या मापावरून पायथागोरसच्या सिद्धांतानं कर्ण काढायचा. मीही आधी तेवढंच करायचो. भिलवडीकडचं एक रान. एक बांध 300 मीटर, दुसरा 400. कॅल्क्युलेटरही काढला नाही. पाचशे! सहा मीटरचा एक, म्हणजे 84 पाईप. मालक आप्पा म्हणाले, "पोरा, चार-सहा जादा घे." मी त्यांना भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं काटकोन त्रिकोणाचंच गणित ऐकवलं. 9 हात खांबावरचा मोर, 27 हातांवरून खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे निघालेला साप, दोघांची चाल सारखी, गाठ बिळापासून 12 हातांवर. आप्पा गप्प बसले.

ऊस तुटला, चर निघाली. 84 वा पाईप सोल्युशन लावून बसवला आणि मान वर केली, तर व्हॉल्व्हची जागा अजून लांबच. आप्पा पावलं टाकत तिथवर गेले, परत आले. "धा कमी हायत." एवढंच. खोडव्याला पाणी द्यायचं होतं, आणि दुकानात त्या मापाचे पाईप चार दिवस नव्हते. दहाचे पैसे मी भरले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर टेप टाकला, 559 मीटर भरले. कोपरा काटकोनात नव्हताच, 105 अंशांचा होता. उसाच्या भिंतीत पंधरा अंश कुणाला दिसतात? सिद्धांत बरोबरच होता, बांध वाकडा, असं मी कितीतरी दिवस सांगत फिरलो. बांध आप्पांच्या आज्याच्या आधीपासून तिथंच आहे. आणि ऊस तुटल्यावर टेप टाकायला मला कुणी अडवलं होतं?

आता एका बांधावर 30 फुटांवर खूण, दुसऱ्यावर 40. तिरकं 50 भरलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. गवंडी पाया आखताना हेच करतात, तीन-चार-पाच. (कॉलेजात सिद्धता लिहून घेतली, कोपरा तपासायला कुणी सांगितलं नाही.) आप्पांच्या कोपऱ्यावर 55 फूट 10 इंच आले असते. लगेच कळलं असतं.

तरी पुढे कुठं बांध वळला असेल, तर हेही फसतं, आणि उसात ते दिसत नाही. म्हणून पाच पाईप जादा लिहितो. ते दुकानाच्या कमिशनसाठी, असं तुम्ही समजता.