पाँतेओंच्या तळघरात

लूव्रबद्दल लिहावंसं वाटत नाही. मोनालिसा दिसली ती उंचावलेल्या मोबाइलांच्या फटीतून. आयफेल, सीन, मोंमार्त्र रीतसर झालं. जीव रमला तो पाँतेओं या पॅरिसमधल्या समाधिस्मारकाच्या तळघरात.

फ्रान्सनं आपली थोर माणसं इथं ठेवली आहेत. व्होल्तेर, रूसो, ह्यूगो यांच्यासाठीच गेले होते, पण तेराव्या दालनापाशी पाय थांबले. तिथं जोसेफीन बेकर आहे. जन्म अमेरिकेतल्या सेंट लुइसचा, रंग काळा. नाचगाण्यानं पॅरिस जिंकलं, १९३७ मध्ये लग्न करून फ्रेंच झाली आणि महायुद्धात गाण्यांच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेली गुप्त माहिती फ्रान्ससाठी पोचवली. तिचा देह मोनाकोतच आहे. २०२१ मध्ये इथं आणलेल्या पेटीत माती आहे, ती जिथं जिथं राहिली तिथली.

त्याच दालनात मिसाक मानूशियान. आर्मेनियन नरसंहारात आईवडील गमावलेला पोर, पुढे पॅरिसमधला कामगार आणि कवी. नागरिकत्वासाठी त्यानं दोनदा अर्ज केला, मिळालं नाही. तरी या देशासाठी तो नाझींशी लढला. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याला गोळ्या घातल्या. नाझींनी त्याच्यासह दहा जणांचे फोटो लाल पोस्टरवर छापले, खाली ‘पोलिश ज्यू’, ‘इटालियन कम्युनिस्ट’ असं लिहून. हे परके गुन्हेगार आहेत, हे लोकांच्या मनावर ठसवायला. बरोबर ८० वर्षांनी, त्याच तारखेला, फ्रान्सनं त्याला पत्नी मेलिनेसह इथं आणलं आणि साथीदारांची नावं सोनेरी अक्षरांत लावली.

एक शिक्षिका शाळेच्या मुलांकडून ती नावं मोठ्यानं वाचून घेत होत्या. पोलिश, हंगेरियन, स्पॅनिश, इटालियन नावं, जीभ वळेना. त्यांनी एकही नाव सोडू दिलं नाही. वाचणाऱ्यांत कितीतरी चेहरे आफ्रिकी, अरब वळणाचे. फ्रेंच संस्कृतीविषयी मला जे प्रेम आहे, ते चीज-वाइनपेक्षा या शिकवण्यावर जास्त आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांसाठी जो उभा राहिला तो आपला, हे मुलांना इतक्या लहानपणी सांगणारा देश मला मोठा वाटतो. आणि म्हणूनच मानूशियानला जिवंतपणी नागरिकत्वाचा तो कागद मिळाला नाही, याचा राग अजून जात नाही.

पुढे स्ट्रासबुर्ग, कोलमार, सुंदरच. पण पॅरिसला अर्धाच दिवस असेल तर लूव्रची रांग सोडा, इथं या. स्वेटर घ्या, तळघर गार आहे.