क्वाइट गुड

सकाळी मॅडमचं उत्तर आलं. एकच ओळ: द रिपोर्ट इज क्वाइट गुड. खाली नाव. तेवढ्यावर माझा अख्खा दिवस गेला.

'क्वाइट' मला येत नाही असं नाही. दोन्ही अर्थ येतात, तिथंच तर घोळ आहे. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला की छानच झालंय. इंग्रज म्हणाला की ठीक आहे, चालेल. त्यातही पोटभेद! तोच इंग्रज 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणाला तर ते साफ अशक्य. म्हणजे जे कमीजास्त होऊ शकतं त्यात हा शब्द पाणी घालतो, आणि जे मुळातच टोकाचं असतं त्याला आणखी रेटतो. समोरासमोर असतो तर निदान जोर कुठे दिला ते ऐकू आलं असतं. 'क्वाइट'वर असला तर कौतुक हात राखून, 'गुड'वर असला तर जरा मोकळं. ईमेलमध्ये जोर कुठून आणायचा? बरं, मॅडम शिकल्या अमेरिकेत आणि नोकरी लंडनला. म्हणजे तोही आधार गेला.

दुपारपर्यंत स्वतःची कीव करून झाली. इतकी वर्षं याच भाषेत काम करतेय, तरी बाकीच्यांना जे वाचता वाचता कळतं ते मला उकरून काढावं लागतं. दादा मागे म्हणाला होता तेच खरं की काय... जाऊ दे.

मग डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाचा 1979 सालचा प्रयोग आठवला. ऐकणारे सगळे इंग्रजीच बोलणारे. कानावर गोष्ट पडतेय: खोलीत कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले. बग म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायला लपवलेला मायक्रोफोनही. इथे किडाच, शंकेला जागाच नाही. तरी तो शब्द ऐकू येताच पडद्यावर 'मुंगी' दाखवा नाहीतर 'हेर', लोक दोन्ही सारख्याच झटकन ओळखत होते. गोष्ट आणखी तीनेक अक्षरं पुढे गेली की मात्र फक्त मुंगी. म्हणजे त्यांच्याही डोक्यात आधी दोन्ही दारं उघडतात, नको ते लगेच लागतं इतकंच. माझं सकाळपासून सताड उघडं आहे.

ते लागायला शेजारी काहीतरी असावं लागतं. 'मला गाडी लागते' आणि 'गाडी लागली आहे', एकीकडे उलटी, दुसरीकडे फलाट. त्या 'मला'नं काम होतं. मॅडमच्या 'क्वाइट गुड'शेजारी काय होतं? पूर्णविराम.

आईच्या बाबतीत असं कधी अडलं नाही. ती 'बरं झालंय' म्हणाली की समजायचं, याहून मोठं कौतुक नाही. तेच काकू म्हणाल्या की काहीतरी खटकलंय. शब्द तोच, पण दोघींना जन्मभर पाहिलंय. मॅडमना पाहिलंय ते मीटिंगमध्ये, आणि अर्धा वेळ त्यांचा कॅमेरा बंद.

संध्याकाळी त्यांचे जुने ईमेल काढून बसले. त्या कुणाला काय म्हणतात ते तरी कळेल म्हणून. एकाला 'व्हेरी गुड' लिहिलेलं सापडलं आणि पोटात गोळाच आला. खाली जाऊन पाहिलं, तर त्याच रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त बदल सुचवलेले. मला एकही नाही. आता याचा अर्थ लावायला आणखी एक दिवस नको.

अमेरिकन अर्थ धरून चालते. नाहीतरी तपासणार कोण? उत्तरात आभार मानून विचारलंय, शेवटचा भाग बदलायचा आहे का? याला हो किंवा नाही एवढंच येऊ शकतं. 'नॉट क्वाइट' आलं तर उद्या बघू. ताईचा फोन घ्यायचा राहिलाच.