सतरा साते

रात्री साडेनऊला लेक वहीवरच डोकं टेकवून झोपली. पेन्सिल बोटांत तशीच, पाढा 'सतरा साते'वर थांबलेला. चौथीत आहे ती. सकाळी सव्वाआठला व्हॅन येते, घरी यायला साडेचार. मग पाढे पाचदा लिहा, धडा उतरवून काढा, शब्दार्थ, वर प्रोजेक्टचा तक्ता, जो खरं तर आम्हीच करतो.

२०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितल्या, पोरांची झोप पुरी होत नाही म्हणून. किती बरं वाटलं होतं! पण सकाळी मिळालेली झोप रात्रीच्या गृहपाठात जाते, त्याचं काय? केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. आठवड्याला! आमच्याकडे एका संध्याकाळीच तेवढे जातात.

बाईंवर राग नाही माझा. वर्ग भरलेला, पोर्शन संपवायचा, आणि वह्या कोऱ्या दिसल्या की जाब विचारायला आम्ही पालकच जातो.

आज वही मिटली, तिला उचलून आत झोपवलं. डायरीत लिहिलं, 'अभ्यास अपूर्ण आहे, मीच झोपू दिलं.' शनिवारी बाईंना भेटणार आहे.