ऑझीचा महिना आणि नागपूरचा पोळा

"बावीस तारखेला महिना होते बापा, अन् त्याच दिवशी पोळा आहे. येऊन जा." नागपूरच्या मित्राचा फोन एवढाच होता. महिना कोणाचा, हे त्याला सांगावे लागले नाही. २२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न वयाच्या ७६व्या वर्षी वारला, तेव्हापासून कॉलेजातल्या आमच्या जुन्या टोळक्याचे एकमेकांना फोन चालू होते, कारण घरी मोकळेपणाने दुःख करण्याची सोय कोणालाच नव्हती. माझ्या घरी बातमी सांगितली तेव्हा "वटवाघळाचे डोके चावणारा तोच ना?" असा प्रश्न आला, आणि तो चुकीचाही नव्हता. २० जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात कोणीतरी मंचावर फेकलेले वटवाघूळ त्याने रबरी समजून खरोखरच चावले होते आणि त्यापायी रेबीजची इंजेक्शनेही घेतली होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला अशा गायकाच्या जाण्याने दोन रात्री झोप लागत नाही, हे कसे समजावून सांगावे ते मला सुचेना. मी रजा टाकली आणि गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली.

सकाळी बडनेरा मागे पडले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. काळ्या मातीत कपाशी आणि सोयाबीन ओलेचिंब उभे होते, आणि एका नाल्यात दोघेजण बैल धूत होते. समोरच्या बाकावर धामणगावला चढलेले एक वयस्कर शेतकरी बसले होते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे त्यांना कसे सांगतात, हे त्यांनी मला सावकाश समजावले. मग त्यांनी विचारले, "नागपूरले पोळ्यासाठी चालले का?" एका ओळखीच्याचा महिना आहे, असे मी सांगितले. त्यांनी टोपी सारखी केली. "घरचा होता?" "नाही, गाणारा होता." "भजनी मंडळातला?" मी हो म्हणालो. हे उत्तर अगदीच खोटे होते, असे मला आजही वाटत नाही.

नागपुरात उतरल्यावर स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढले आणि रिक्षा करून गांधीसागर तलावाकडे गेलो. मित्राचे घर तिथून जवळच, जुन्या वस्तीत आहे. गच्चीवर उभे राहिले की एम्प्रेस सिटी नावाचा मॉल दिसतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल याच जागेवर होती, आणि मित्राच्या वडिलांची सगळी नोकरी त्या मिलच्या मागखात्यात झाली. शेकडो माग एकाच वेळी ठोकत असलेल्या त्या खात्यात शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालींवरून बोलावे लागे, आणि निवृत्तीपर्यंत वडिलांना ऐकू येणे बरेच कमी झाले होते. "म्हणून आमच्या घरी आवाज कमी कर असं कोणी म्हटलंच नाही," असे मित्र हसत सांगतो. आम्हा बाकीच्यांना मात्र उशीखाली टेपरेकॉर्डर ठेवून ऐकावे लागले, त्यामुळे १९९१-९२ साली सगळी मंडळी याच घरी जमत असत.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आमचे वेड म्हणजे परदेशी खूळ होते, असे तेव्हाही म्हटले जाई आणि आजही म्हटले जाते. ऑझी हा बर्मिंगहॅमच्या ॲस्टन नावाच्या कामगार वस्तीत वाढला. त्याची आई मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लुकासच्या कारखान्यात होती, आणि तो स्वतः तिथे दिवसभर मोटारींचे भोंगे सुरात लावण्याचे काम करत असे. पुढे तो कत्तलखान्यातही राबला. १९६८ साली त्याच वस्तीतली चार पोरे एकत्र आली आणि त्यांनी जो आवाज काढला, तो ऐकून आमच्या मित्राने कपाळाला आठी घातली नाही. त्याला तो ओळखीचा वाटला. गिटार, ताल आणि शब्द यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच कळते की मागखात्याच्या भिंतीला टेकून शाळेत जाणाऱ्या मुलाला ब्लॅक सॅबथ समजावून सांगावा लागला नाही.

संध्याकाळी सातजण जमलो. पैकी दोघांचे केस पूर्ण गेले होते आणि एकाने काळा टी-शर्ट पोटावरून खाली ओढण्याचा नाद सोडून दिला होता. गच्चीवरच्या पत्र्याखाली चटई अंथरली. फोटोला हार घालायचा की नाही यावर थोडा वाद झाला, आणि "तो उठून शिव्या घालीन" या मुद्द्यावर हार बाद झाला. मित्राने जपून ठेवलेली कॅसेट काढली. खोक्यातल्या कागदावर निळ्या बॉलपेनने बँडचे नाव लिहिलेले होते, तेही चुकीच्या स्पेलिंगने, आणि एका कोपऱ्यात कधीतरी सांडलेल्या चहाचा डाग होता. फीत सैल पडली होती. तीच बॉलपेन वापरून त्याने ती आवळली आणि बटण दाबले.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवात पावसाच्या आवाजाने होते. मग दूर कुठेतरी गडगडते आणि चर्चची घंटा पडू लागते. त्या क्षणी आमच्या पत्र्यावरही पाऊस आला. खालच्या गल्लीतून पोळ्याहून परतणारी एक बैलजोडी चालली होती आणि तिच्या गळ्यातल्या घुंगरमाळा त्या घंटेत मिसळल्या, इतक्या की टेपमधले कोणते आणि गल्लीतले कोणते, हे काही क्षण कळले नाही. कोणी काही बोलले नाही. केस गेलेल्या दोघांपैकी एक चटईची काडी उपसत खाली मान घालून बसला होता, तो रडून राहिला होता हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आले.

आमच्यातला एकजण अजून गिटार वाजवतो. त्याने ब्लॅक सॅबथच्या गिटारवादकाची, टोनी आयोमीची, गोष्ट पुन्हा सांगितली, जी आम्ही सर्वांनी शंभरदा ऐकलेली आहे. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या, म्हणजे दुखऱ्या बोटांनी दाबता याव्यात. त्या सैल तारांचा खर्ज पुढे पिढ्यानपिढ्यांनी उचलला. आमच्या गिटारवाल्याने पाण्याच्या बाटलीची दोन टोपणे बोटांत अडकवून वाजवून पाहिले. आवाज भयंकर निघाला आणि सगळे हसलो. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

रात्री खाली आलो तेव्हा मित्राच्या आई पुरणपोळ्या घेऊन आल्या. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. टीव्हीवर शेवटच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण लावले होते. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर तो झाला. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले होते आणि कार्यक्रमाचे उत्पन्न पार्किन्सनवरच्या, म्हणजे कंपवातावरच्या, संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णसेवेला द्यायचे ठरले होते. ऑझीला पार्किन्सन झाल्याचे २०२० साली सर्वांना कळले होते. त्याला उभे राहता येत नव्हते, म्हणून तो एका काळ्या सिंहासनावर बसून गायला. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला.

आई ताट हातात धरून बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना गाण्यातले काही कळत नव्हते आणि कळावे असा त्यांचा आग्रहही नव्हता. मग त्या म्हणाल्या, "उठाले पाहून राहिला बिचारा. हात पाहा त्याचा. यांचाही शेवटी असाच होता." मित्राच्या वडिलांनाही कंपवात होता, आणि ते माझ्या ध्यानातून गेले होते. आईंनी ताट खाली ठेवले, खुर्ची ओढली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत त्या आमच्यात बसल्या. मध्ये एकदा मित्राने सवयीने आवाज कमी केला, तर म्हणाल्या, "राहू दे."

मग ३० जुलैची अंत्ययात्रा पाहिली. बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर हजारो माणसे उभी होती, पुढे ब्रास बँड वाजत होता, आणि बँडचेच नाव दिलेल्या पुलावरच्या बाकापाशी शव नेणारी गाडी थांबली. पत्नी शेरॉन मुलांबरोबर उतरली, फुलांकडे पाहून कोसळल्यासारखी रडली आणि गर्दीकडे दोन बोटे उंचावून गाडीत बसली. आईंनी तिच्याबद्दल विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. १९८९ साली नशेत त्याने याच बायकोचा गळा दाबला होता आणि त्याला अटक झाली होती, हेही सांगितले. त्याला संत ठरवण्यासाठी आम्ही जमलो नव्हतो, आणि ते लपवले असते तर आईंच्या समोर बसून पोळी खाण्याची मला लाज वाटली असती. आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पोळीवर तूप वाढले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत. आम्ही सातजण काळे टी-शर्ट घालूनच इतवारीकडे निघालो. गल्लीगल्लीत मुले लाकडी बैल ओढत बोजारा मागत होती, आणि वीस-वीस रुपये देता देता आमचे खिसे रिकामे झाले. मारबतीची, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासून नागपुरात निघते. इंग्रजांना मिळालेल्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंच्या निषेधाची म्हणून काळी मारबत, लोकांवरची अरिष्टे नेणारी म्हणून पिवळी, आणि त्यांच्या मागेपुढे त्या त्या वर्षीच्या रागाचे बडगे, म्हणजे पुतळे. नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर आल्या तेव्हा ढोलताशांच्या आवाजाने छातीतले हाड हलत होते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असे हजारो गळे एकदम ओरडत होते, आणि माणसांच्या डोक्यांवरून ती प्रचंड काळी बाई डुलत पुढे जात होती. लोक पैसे देऊन भीतीचे सिनेमे पाहायला जातात, मग भीतीचे गाणे का असू नये, या विचारातून ब्लॅक सॅबथ हे नाव एका भयपटावरून घेतले गेले. आमचा गिटारवाला माझ्या कानात ओरडला, "यांना हे आपल्याआधी माहीत होतं ना बे!" एका कार्यकर्त्याने आमचे टी-शर्ट पाहून कोणत्या मंडळाचे म्हणून विचारले. मित्राने त्याला ॲस्टनचे म्हणून सांगितले, आणि तो मान डोलावून पुढे गेला. कदाचित त्याला ते कामठीच्या पलीकडचे एखादे गाव वाटले असावे.

संध्याकाळी निघताना आईंनी चार पुरणपोळ्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. मित्र ती कॅसेटही मला देत होता. माझ्याकडे ती वाजवायला यंत्र नाही, म्हणून मी ती त्याच्याकडेच ठेवली. आई रिक्षापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी विचारले, "त्याच्या बायकोचं नाव काय म्हणाला होता तू?"

"शेरॉन."

"बरी आहे ना ती?"

मी "असेल," म्हणालो आणि रिक्षात बसलो.