उडीला एक थेंब तेल

शनिवार, १८ एप्रिल २०२०. सकाळ.

विषय आला: ‘कीप इट अलाइव्ह’. जिवंत ठेवा. लुडुम डेअर या दिलेल्या विषयावर ठरावीक तासांत व्हिडिओ गेम बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेची ही ४६वी फेरी, आणि बाहेर ३ मेपर्यंत वाढलेलं लॉकडाउन. मतदानात लोकांनी हाच विषय निवडावा याचं मला जराही नवल वाटलं नाही.

मी तिच्या कॉम्पो या विभागात उतरले आहे. एकटीने, ४८ तासांत. कोड, चित्रं, आवाज सगळं याच वेळात केलेलं, आणि शेवटी सोर्स कोड सगळ्यांना खुला. ७२ तासांच्या जॅम विभागात टीम चालते, आधीची तयार चित्रं आणि संगीतही चालतं. पण २००२ साली जेफ हाऊलंडने हे सुरू केलं तेव्हापासूनचा ‘सगळं स्वतः’ हा हट्ट मला मनापासून आवडतो. माझी चित्रकला बेताची आहे, त्यामुळे जे काही सांगायचं ते गेमच्या नियमांतूनच सांगावं लागतं.

सुरुवातीला संगणक उघडलाच नाही, वही घेऊन बसले. रोपटं, अंडं, शेकोटी, पेशंट. हे सगळ्यांनाच सुचणार. दिवाही बऱ्याच जणांना सुचेल, तरी मी तिथेच थांबले, कारण माझ्यापाशी त्याचं नेमकं चित्र आहे. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटं देशभर दिवे लागले, तेव्हा आमच्या साताऱ्यातल्या गच्चीवर वारा होता. आईने पणती कठड्यावर ठेवलीच नाही. एका हातात धरली, दुसरा तळवा आडवा धरला आणि अगदी सावकाश चालत राहिली. हातात ज्योत असलेला माणूस उडी मारत नाही. प्लॅटफॉर्मर, म्हणजे फळ्या-पायऱ्यांवरून उड्या मारत पुढे जायचा गेम, तर उभाच राहतो उडीवर. या दोघांच्या ओढाताणीत माझा गेम आहे.

दुपार.

दिव्यात तेल आहे. ते कशाने संपावं? वेळेने संपवलं तर खेळणारा पळत सुटतो, थांबून समोरच्या भिंतीकडे बघतच नाही. आणि मला तर तो थांबायला हवा आहे. म्हणून तेल उडीने संपतं. एक उडी, एक थेंब. चालणं फुकट, उभं राहणं फुकट. तासभर एका जागी विचार करत बसा, ज्योत तशीच राहील.

दुसरा नियम यातूनच निघाला. दिवा खाली ठेवता येतो. रिकाम्या हातांनी कितीही उड्या मारा, तेल खर्च होत नाही. पण उजेड दिव्यापाशी राहतो आणि तुम्ही अंधारात जाता. म्हणजे चालत जाता येईल तिथवर दिवा न्यायचा, वरच्या पायऱ्या नीट बघून ठेवायच्या, दिवा फळीवर ठेवायचा, मग आठवणीवर उड्या मारत वर जाऊन कळ ओढायची. फळी दिव्यासकट वर येते.

दोन नियम झाले. तिसरा घालायचा नाही, असं वहीच्या पानावर वरती मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. चांगलं कोडं नियमांच्या संख्येने अवघड होत नाही. असलेल्या नियमांचा जो परिणाम अजून लक्षात आलेला नाही, त्याने होतं.

रात्र.

आजचा बहुतेक वेळ उडीला दिला. कोडं कितीही अवघड असो, उडी अवघड नको.

गेम बनवायचं गोडो ३.२ हे सॉफ्टवेअर वापरतेय. गुरुत्वाकर्षणाचा आकडा अंदाजाने कमी-जास्त करत बसण्यापेक्षा उडीची उंची आणि वर पोचायला लागणारा वेळ आधी ठरवला की बाकीचं गणितातून निघतं. माझी टाइल, म्हणजे जमीन-भिंती रचायचा चौकोनी तुकडा, १६ पिक्सेलची. दोन टाइल चढता यायला हव्यात, वर थोडी मोकळीक, म्हणून उंची ३६ पिक्सेल. वर पोचायला ०.३ सेकंद. दुप्पट उंची भागिले वेळ म्हणजे सुरुवातीचा वेग, सेकंदाला २४० पिक्सेल. तो पुन्हा वेळेने भागला की गुरुत्वाकर्षण ८००. चालण्याचा वेग ८० ठेवला, तर हवेतल्या ०.६ सेकंदांत ४८ पिक्सेल पुढे. बरोबर तीन टाइल.

बरोबर तीन म्हणजे काठावर पास, म्हणून सवलत दिली. कडेवरून पाय सुटल्यावरही चार फ्रेमपर्यंत, म्हणजे पडद्यावर चार चित्रं बदलेपर्यंत, उडी मान्य होते, आणि जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटणही वाया जात नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चार फ्रेमची सवलत एका सेकंदाचा पंधरावा भाग. खेळणाऱ्याला ती दिसत नाही, फक्त उडी आपलं ऐकते असं वाटतं.

तीन टाइलची दरी आता सहज पार होते. पाच टाइलची कधीच होत नाही. चार टाइलची दरी मी एकाही लेव्हलमध्ये ठेवणार नाही, आणि दरीवर बुटकं छतही नाही, कारण डोकं आपटलं की उडी आखडते. चार टाइलची दरी दिसली की माणसाला वाटतं, जरा नीट उडी मारली तर जमेल. मग तो पुन्हा पुन्हा उडत राहतो आणि विचार करायचं सोडून देतो. आपण अडलोय ते विचारात, हातात नाही, हे खेळणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे. कोड्यांच्या प्लॅटफॉर्मरमध्ये मला याहून महत्त्वाचं काही वाटत नाही. कितीतरी सुंदर गेम मी केवळ या एका शंकेपायी अर्धवट सोडले आहेत.

रविवार, १९ एप्रिल.

धाकट्या भावाला खेळायला बसवलं. लॉकडाउनमध्ये दुसरं कोण मिळणार! गेममध्ये सूचनेचं एकही वाक्य नाही. पहिल्या लेव्हलला दिव्यात एकच थेंब आहे आणि पायऱ्या दोन. मी मागे गप्प बसून होते. हे फार कठीण असतं, जीभ शिवशिवते.

तो पहिल्या पायरीवर चढला, दुसऱ्या उडीला दिवा विझला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग बोटं कीबोर्डवरून उचलली आणि नुसता बघत बसला. मला हवा होता तो क्षण हाच.

“ताई, उडी मारली की तेल कमी होतंय ना?”

मी उत्तर दिलं नाही. त्याने दिवा खाली ठेवून पाहिला, आणि पुढच्या तीन लेव्हल कुणी न सांगता सोडवल्या.

पाचव्या लेव्हलला त्याने मला न सुचलेलं केलं. माझा उजेड भिंतींना अडत नाही, तो नुसता गोल पसरतो. त्याने दिवा खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात ठेवला आणि त्याचा उजेड थेट वरच्या खोलीत पडला. भिंतींनी उजेड अडवायची सोय गोडोमध्ये आहे, पण मी ती लावणार नाही. उलट शेवटची लेव्हल सगळी याच युक्तीवर बांधतेय: दिवा वर न्यायचाच नाही, खालून कुठे ठेवला तर वरची वाट दिसेल ते शोधायचं.

आवाजांसाठी एसएफएक्सआर. हे छोटं साधन २००७ साली लुडुम डेअरच्याच एका फेरीसाठी तयार झालं होतं आणि अजून त्याच कामाला येतं. तेलाच्या थेंबाचा आवाज आणि पावलांचा, एवढंच. संगीत ठेवलं नाही. विचार करताना मला ते मधे येतं.

सोमवार, २० एप्रिल.

गेम चढवला. ब्राउझरमध्ये चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. वहीत आखलेल्या लेव्हलपैकी ज्या नवीन काही विचारत नव्हत्या त्या काढून टाकल्या. आई जेवायला वाढून केव्हाची हाका मारतेय.

शुक्रवार, २४ एप्रिल.

आता दुसऱ्यांचे गेम खेळतेय. क्रमवारीत यायला निदान २० जणांनी गुण द्यावे लागतात, आणि आपण इतरांचे खेळलो तरच इतर आपल्याकडे येतात. ही पद्धत मला फार न्याय्य वाटते. थीम, नावीन्य, वातावरण असे वेगवेगळे गुण असतात, पण मी वाचते त्या प्रतिक्रिया. एकाने लिहिलंय की शेवटच्या लेव्हलला तो चहा करायला उठला आणि आधण ठेवताना उत्तर सुचलं. वेळेने तेल संपत असतं तर तो उठलाच नसता.

भाऊ दोन दिवे मागतोय. दोन दिवे आले की एकातलं तेल दुसऱ्यात ओतता यावं का, हा प्रश्न येतो. ओतता आलं तर ओतायला दोन्ही दिवे शेजारी आणावे लागतील, म्हणजे त्यातला एक उड्या मारूनच आणावा लागेल, म्हणजे ओतण्यालाही थेंबांची किंमत पडली. आज रात्री कागदावर तेवढंच मांडून बघते.