गोळीच्या शेजारी बसलेला माणूस

सायकेडेलिक्सचा (म्हणजे एलएसडी, मशरूम वगैरे जाणीवच बदलून टाकणाऱ्या द्रव्यांचा) विषय काढला की समोरचा दोनच प्रश्न विचारतो, खरंच उपयोग होतो का आणि तू स्वतः घेतलंयस का. दुसऱ्याचं उत्तर नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला गेले की मी दरवेळी एकाच जागी अडकते, ती जागा म्हणजे या सगळ्या रिसर्चमध्ये औषध नक्की कोणतं? ती कॅप्सूल, की कॅप्सूल दिल्यावर सहा-आठ तास शेजारी बसून राहणारा माणूस?

जुनी गोष्ट पटकन सांगून टाकते. बाझलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी तयार केलं, मग पाच वर्षं त्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि १९ एप्रिल १९४३ ला त्यांनी स्वतःवरच प्रयोग म्हणून २५० मायक्रोग्रॅम घेतलं. अगदी किरकोळ डोस घेतोय असं त्यांना वाटत होतं, तो निघाला भलताच मोठा. ती सायकलवरून घरी जायची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण सोबत त्यांची लॅबमधली असिस्टंट होती हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणजे पहिल्यावहिल्या ठरवून घेतलेल्या ट्रिपलाही शेजारी कोणीतरी होतंच! पुढे पन्नाशीच्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑस्मंड वगैरे मंडळी दारूच्या व्यसनावर एलएसडी वापरून बघत होती, आणि मग साठच्या दशकातला तो सगळा धिंगाणा, बंदी आणणारा १९७० चा अमेरिकन कायदा, १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार, आणि रिसर्च जवळजवळ ठप्प.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त रस आहे तो १९६२ च्या गुड फ्रायडेच्या प्रयोगात. वॉल्टर पाह्नके हा डॉक्टरही होता आणि पाद्रीही, आणि हार्वर्डमध्ये पीएचडी करत होता. त्याने धर्मशास्त्र शिकणारी २० मुलं घेतली, बोस्टन युनिव्हर्सिटीच्या मार्श चॅपलच्या तळघरात बसवली, वरच्या मजल्यावर हॉवर्ड थर्मन यांची प्रार्थनासभा चालली होती ती स्पीकरवर खाली ऐकू येत होती. निम्म्यांना सायलोसायबिन (मशरूममधलं सायकेडेलिक द्रव्य), निम्म्यांना नियासिन हे व्हिटॅमिन. नियासिन का, तर त्याने चेहरा लाल होतो, अंग तापतं, म्हणजे ज्याला ते मिळालंय त्याला वाटावं की आपल्यालाच खरं औषध मिळालं. युक्ती झकास होती पण टिकली तासभरच. थोड्या वेळाने तिथलं दृश्य असं की काही जण "देव, देव" करत जमिनीवर आडवे पडलेत नाहीतर भिंतीकडे बघत फिरतायत, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत बसलेत. कोणाला काय मिळालंय हे सांगायला कोण कशाला हवं! त्यात मुलांना सांभाळायला जे गाइड ठेवले होते त्यांच्यातल्याही निम्म्यांना सायलोसायबिन दिलेलं होतं. आता यावर काय बोलायचं.

निकाल मात्र दणदणीत लागला, सायलोसायबिनवाल्यांना गूढ अनुभव आले, इतरांना फारसे नाहीत. जवळपास पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्यातल्या बहुतेकांना शोधून काढून पुन्हा विचारलं आणि १९९१ मध्ये ते छापलं. सायलोसायबिन मिळालेले जे भेटले ते सगळे म्हणाले की तो अनुभव खराच होता आणि आयुष्यात त्याचा फायदाच झाला. पण त्याच वेळी हेही बाहेर आलं की एका मुलाची अवस्था इतकी बिघडली होती की त्याला शांत करायला थोराझीनचं इंजेक्शन द्यावं लागलं होतं, आणि पाह्नकेने थीसिसमध्ये याचा उल्लेखच केला नव्हता. आजच्या सगळ्या भांडणांचं बी मला या एका दुपारीच दिसतं. कोणाला काय दिलंय ते लपत नाही, जागा आणि माणसं आधीच भारलेली असतात, आणि वाईट झालेलं कागदावर येत नाही.

मग बराच काळ शांतता, आणि २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या रोलंड ग्रिफिथ्स यांचा पेपर. ३६ निरोगी माणसं, सायलोसायबिन, आणि तुलनेला रिटालिन हे उत्तेजक औषध. दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की हा आयुष्यातल्या सगळ्यात अर्थपूर्ण पाच अनुभवांपैकी एक, काहींनी त्याची तुलना पहिल्या मुलाच्या जन्माशी किंवा आईवडिलांच्या मृत्यूशी केली. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच पेपरमध्ये असंही आहे की साधारण एक तृतीयांश लोकांना सत्रात केव्हा ना केव्हा जबरदस्त भीती वाटली, तो आकडा काही फिरत नाही. आणि तरीही त्यातलं कोणी धावत रस्त्यावर गेलं नाही, कारण आधीच कित्येक तास गप्पा मारून ओळख झालेली माणसं शेजारी होती. ती खोली फोटोत बघितलीत तर हॉस्पिटल वाटतच नाही, सोफा, दिवा, भिंतीवर चित्रं, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, ठरवून निवडलेलं संगीत. हॉपकिन्सचेच मॅथ्यू जॉन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं की अशा खोल्यांत बुद्धाच्या मूर्ती वगैरे ठेवणं बंद करा, थेरपिस्टनी स्वतःचा अध्यात्मिक माल पेशंटच्या गळ्यात मारू नये. मला हे शंभर टक्के पटतं. ज्या अवस्थेत माणूस इतका मोकळा आणि इतका हळवा होतो त्या अवस्थेत समोर काय ठेवलंय याला फार महत्त्व येतं, समोर मूर्ती ठेवायची आणि नंतर पेशंटला देव दिसला म्हणून पेपर छापायचा हे बरोबर नाही.

डोक्यात काय होतं याची माहिती बऱ्यापैकी आहे. सायलोसायबिन, एलएसडी ही मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या ५-एचटी२ए या रिसेप्टरवर काम करतात, तो रिसेप्टर दुसऱ्या औषधाने बंद केला तर ट्रिप होतच नाही, हे झुरिचच्या प्रयोगांनी दाखवलंय. स्वतःविषयी सतत दळण दळणारं मेंदूतलं जे नेटवर्क आहे ते विस्कळीत होतं, असं स्कॅनमध्ये दिसतं. यापुढे "म्हणून डिप्रेशन बरं होतं" हे वाक्य लोक फार सहज जोडतात, मी जोडणार नाही.

आता ट्रायल्स. २०१६ मध्ये कॅन्सर पेशंटवरचे सायलोसायबिनचे दोन अभ्यास आले, हॉपकिन्सचा ५१ जणांवर आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा २९ जणांवर, मरणाची भीती आणि उदासी एकाच डोसनंतर कित्येक महिने कमी राहिली. वाचताना खरंच गलबलून येतं. २०२२ मध्ये कंपास कंपनीचा सायलोसायबिनचाच मोठा अभ्यास, २३३ जण, इतर औषधांना दाद न देणारं डिप्रेशन. २५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी २९ टक्के लोक तीन आठवड्यांनी लक्षणांतून बाहेर होते, १ मिलिग्रॅमवाल्यांत ८ टक्के. बारा आठवडे सुधारणा टिकलेले मात्र २० टक्केच. म्हणजे काम होतं, पण "एकदा घेतलं आणि आयुष्य बदललं" छापाच्या हेडलाइनइतकं नाही.

खरी गोची एमडीएमएमध्ये दिसली. (म्हणजे पार्टीतलं एक्स्टसी. हे क्लासिक सायकेडेलिक नाही, पण चर्चा एकत्रच होते म्हणून चालवून घ्या.) पीटीएसडीवरच्या (युद्ध, अत्याचार अशा आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजारावरच्या) दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये, १०४ जण, एमडीएमए आणि थेरपी मिळालेल्यांपैकी ७१ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. सगळे या ७१ वर नाचले. मी अडकले ते ४८ वर, कारण नुसता प्लॅसिबो (औषध नसलेली गोळी) आणि तीच थेरपी मिळालेल्यांपैकी ४८ टक्के लोकही निकषांबाहेर गेले होते! वर्षानुवर्षं त्रास भोगणारी माणसं, आणि दोन थेरपिस्ट, लांबलचक सत्रं, आधी तयारी, नंतर बोलणं, एवढ्यावर निम्मी बरी. कोणी या थेरपीचा शेअर बाजारात आयपीओ आणत नाही म्हणून तिची बातमी होत नाही.

अर्थात याला उलटा युक्तिवाद आहे आणि तो कच्चा नाही. ७१ आणि ४८ मध्ये २३ चा फरक आहेच ना, तो औषधाचाच. हो, बहुतेक असेलही, पण एमडीएमए घेतलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी आपल्याला काय मिळालंय ते बरोबर ओळखलं होतं. दारूच्या व्यसनावरच्या सायलोसायबिनच्या ट्रायलमध्येही तेच झालं. ज्याला कळलं की आपल्याला खरं मिळालं तो आशेने भरून जातो, ज्याला कळलं की आपल्याला नुसती गोळी दिली तो इतक्या महिन्यांची वाट बघून खट्टू होतो, मग फरकातला किती भाग औषधाचा आणि किती या खट्टूपणाचा? स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये यावर भन्नाट आयडिया केली. औषध केटामाइन (मुळात भुलेचं, आता डिप्रेशनवरही देतात), पेशंट डिप्रेशनचे पण कुठल्यातरी ऑपरेशनसाठी आलेले, संख्या ४०, आणि डोस दिला तो पूर्ण भूल दिल्यावर. आता ओळखणार कसं! दोन्ही गटांची तब्येत सारखीच सुधारली, आणि आपल्याला केटामाइन मिळालं असं ज्यांना वाटत होतं ते जास्त सुधारले. एका छोट्या अभ्यासावरून केटामाइन बिनकामाचं ठरत नाही, पण अपेक्षा हा केवढा मोठा ऐवज आहे ते कळतं.

औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला नकार दिला. त्याआधी जूनमध्ये तज्ज्ञांच्या समितीने फायद्याच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ आणि धोक्याच्या तुलनेत फायदा या प्रश्नावर १० विरुद्ध १ असं मत विरोधात दिलं होतं. समर्थक चिडले, सैनिक मरतायत आणि तुम्ही कागद तपासताय म्हणाले. मला तो नकार योग्य वाटतो, आणि ब्लाइंडिंगपेक्षा (कोणाला काय दिलंय ते लपवण्यापेक्षा) दुसऱ्याच कारणासाठी. २०१५ मध्ये व्हँकुव्हरच्या एका केंद्रावर, आधीच्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये, थेरपिस्ट जोडप्याने एमडीएमएच्या अंमलाखाली असलेल्या पेशंट बाईला बिछान्यात धरून ठेवलं, तिच्याशी नको तेवढी जवळीक केली, आणि हे सगळं व्हिडिओवर रेकॉर्ड होत होतं. रेकॉर्डिंग होत होतं म्हणजे कोणीतरी बघायला हवं होतं, ते वेळेवर कोणी बघितलं नाही. बाहेर यायला कित्येक वर्षं लागली, आणि त्या डेटावरचे तीन पेपर सायकोफार्माकॉलॉजी या जर्नलने शेवटी २०२४ मध्ये मागे घेतले. शेजारी बसलेला माणूस हेच जर अर्धं औषध असेल तर हा त्या औषधाचा साइड इफेक्ट आहे, आणि तो उलटी-डोकेदुखीसारखा मोजायची सोय ट्रायलच्या फॉर्मवर धड नव्हती.

अध्यात्मवाल्यांनाही यातून सुटका नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात वाउत्ला नावाचं गाव आहे, तिथे मारिया साबिना ही मासातेक जमातीची वैदू रात्रभर जागून मशरूमचा विधी करायची. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या बँकेचा उपाध्यक्ष, तिच्याकडे गेला, मुलाची काळजी वाटते असं कारण सांगून विधीत बसला, आणि १९५७ मध्ये लाइफ मासिकात फोटोसकट सगळं छापून मोकळा झाला. नाव बदललं होतं, पण लोकांनी गाव शोधलंच. गर्दी झाली, पोलीस आले, तिचं घर जाळलं गेलं, १९८५ मध्ये ती गरिबीतच गेली. तिचं म्हणणं साधं होतं, मशरूम आजारी माणसासाठी असतात, हे परके येईपर्यंत नुसतं देव शोधायला म्हणून ते कोणी घेत नव्हतं. तिच्या विधीत जागणारी, गाणारी, पेशंटला ओळखणारी ती होती. आपण जगभर नेलं ते फक्त मशरूम, हॉफमन यांनी १९५८ मध्ये त्यातून सायलोसायबिन वेगळं काढलं आणि बाई मागे राहिली.

धोरणाच्या बाबतीत मजेशीर गोष्ट अशी की कायद्याने जिथे आधी वाट दिली तिथे विधी आणि समुदाय आधीपासून होता. ब्राझीलने १९८७ मध्ये धार्मिक विधीतल्या आयावास्कावरची (अॅमेझॉनकडचा वनस्पतींचा काढा) बंदी उठवली, अमेरिकेने १९९४ मध्ये आदिवासींच्या पेयोटी या सायकेडेलिक निवडुंगाला संरक्षण दिलं, २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका आयावास्का चर्चच्या बाजूने एकमताने निकाल दिला. आता नवे प्रयोग चाललेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांनाच एमडीएमए आणि सायलोसायबिन द्यायची परवानगी दिली, ओरेगनने २०२० च्या मतदानातून उलटा मार्ग धरला, तिथे निदानाची गरज नाही, वय २१ हवं, आणि लायसन्सवाल्या केंद्रात प्रशिक्षित माणसासमोर बसून सायलोसायबिन घ्यायचं. मला ओरेगनचं मॉडेल कागदावर आवडतं. पण एका सत्राचा खर्च हजारो डॉलरपर्यंत जातो, विमा देत नाही, आणि गंमत बघा, आधीचं तयारीचं सत्र सक्तीचं पण नंतरचं बोलण्याचं सत्र ऐच्छिक! पैसे संपत आले की माणूस काय गाळणार ते उघड आहे.

(इथे एक सूचना, कारण असं काही लिहिलं की मेसेज येतात. ट्रायलमध्ये घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असणाऱ्यांना आधीच वगळतात, लिथियम चालू असताना ही द्रव्यं घेऊन फिट आल्याच्या नोंदी आहेत. ट्रायलमधल्या सुरक्षिततेचे आकडे त्या चाळणीतून गेलेल्या लोकांचे आहेत, तुमचे-माझे नाहीत. आणि बहुतेक देशांत हे बेकायदा आहेच.)

सध्या सगळा जोर कुठे आहे, तर तो शेजारचा माणूस स्वस्त करण्यावर. एफडीएच्या २०२३ च्या मसुद्यात सत्राला दोन निरीक्षक हवेत असं म्हटलंय, दोन माणसं आठ तास म्हणजे खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. म्हणून काही कंपन्या डीएमटीच्या (आयावास्कातलं मुख्य सायकेडेलिक) जातीतल्या, तासाभरात उतरणाऱ्या द्रव्यांमागे आहेत. आणि त्याच्याही पुढे कॅलिफोर्नियातले डेव्हिड ओल्सन यांच्यासारखे लोक ट्रिपच न देणारी पण मेंदूतल्या जोडण्या वाढवणारी रसायनं बनवतायत, ना पट्टी, ना संगीत, ना कोणी शेजारी, घरी बसून गोळी घ्या. उंदरांवर ती बऱ्यापैकी चाललीत. माणसांच्या मोठ्या ट्रायलमध्येही चालली तर माझं वरचं अर्धंअधिक म्हणणं कोसळेल, आणि पेशंट खरंच बरे होत असतील तर खुशाल कोसळू दे.