संत्रानगरीत बागा कुठं?

पुण्याहून आलेल्या भाच्याला आज नागपूरचं कळमना मार्केट दाखवलं. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास येणाऱ्या संत्र्यांचे ढीगच्या ढीग, लिलावाचा गलका. पठ्ठ्या विचारतो, "मामा, पण बागा कुठायत?" आता नागपूर शहरात कुठल्या बागा! संत्रा पिकतो काटोल-नरखेडकडं, आणि त्याहून जास्त अमरावती जिल्ह्यात, वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात. नागपूरनं तो विकला, रेल्वेनं देशभर धाडला आणि नाव स्वतःला लावून घेतलं. २०१४ साली भौगोलिक मानांकनही 'नागपूर संत्रा' म्हणूनच मिळालं. वरुडकर यावरून चिडले तर त्यांचं काही चुकत नाही, हे मी नागपूरकर असून सांगतोय! बाकी माझ्या मते खरी गोडी मृग बहारात, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या संत्र्यात. तो माल फेब्रुवारी-मार्चात येईल, तेव्हा पुन्हा कळमना.